दत्ताला ओळख न दाखवता

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर कुणी उकरून काढायला नको. पक्क्या लायसनच्या परीक्षेत, चालत्या गाडीत, शेजारी आरटीओचे साहेब बसलेले असताना मी स्टिअरिंग सोडलं. एक हात नाही, दोन्ही. सोडून मैदानाच्या कोपऱ्यावरच्या दत्ताला नमस्कार केला. तोही डोळे मिटून.

‘डोळे मिटले नसते तर पास झाले असते,’ असं मी पुढं आठवडाभर सांगत फिरले. यावरून माझ्या तेव्हाच्या अकलेचा अंदाज यावा. लहान नव्हते. अठ्ठावन्न वर्षांची घोडी होते.

आता सत्तरीला टेकलेय, तेव्हा त्या बाईला हसायचा मला पूर्ण हक्क आहे. परवा नात अठरा पूर्ण झाल्याबरोबर कच्चं लायसन काढून आली आणि म्हणाली, “आज्जी, आजोबा म्हणतात तू देवळात गाडी घातली होतीस.” देवळात नाही घातली. देवळाच्या दिशेनं घातली. फरक आहे. तिच्या आजोबांकडं तिखटमीठ फुकट मिळतं, म्हणून खरं काय ते एकदा लिहून ठेवते.

आमचे हे वाळूजच्या एका कारखान्यात होते. तीस वर्षं शिफ्टच्या बसमध्ये मान खाली टाकून झोपत गेले आणि झोपत आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गाडी घेतली. लहानशी, राखाडी. “आता मी जागा राहून प्रवास करणार,” म्हणाले. मी डावीकडं बसायचे आणि त्यांना गाडी शिकवायचे. म्हणजे, मला येत नव्हती, पण म्हणून काय झालं? “अहो, हळू.” “अहो, म्हैस.” “अहो, तो बघा कसा घुसतोय.” स्वतःला मी अर्धी ड्रायव्हर समजत होते. अर्धी कसली, पाऊण.

या गाडीचं खरं काम वर्षातून एकदा असायचं. माझी आई पाचोडला, भावाकडं. दिवाळीचा पाडवा-भाऊबीज उरकली की आम्ही जाऊन तिला आणायचो आणि संक्रांतीपर्यंत ती माझ्याकडं राहायची. जगात लेकी माहेरी जातात, आमच्याकडं आईच लेकीकडं माहेरपणाला यायची. उन्हात खुर्ची टाकून बसायची, मी शिवलेल्या ब्लाउजांची हुकं लावायची आणि माझ्या गिऱ्हाइकांना नको ते प्रश्न विचारायची. पाचोडच्या घरात ती वर्षभर सगळ्यांची आई, आजी, सासू. माझ्याकडं ती दोन महिने नुसती बसून असायची. ते बसणं तिला लई प्यारं होतं.

मग यांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, कडेचं जायचं. डॉक्टर म्हणाले, घरात फिरा, बागेत फिरा, गाडी नको. यांनी डॉक्टरांचं ऐकलं. आयुष्यात मी सोडून सगळ्यांचं ऐकलंय त्यांनी. पण सकाळी उठून गाडी पुसणं सोडलं नाही. जी जागची हलत नाही तिच्यावर धूळ जास्त बसते, असं म्हणायचे.

त्या वर्षी आईला आणायचं कसं, हा प्रश्न आषाढातच उभा राहिला. एसटीच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या, आणि चढली असती तरी फाट्याच्या आत ओकली असती. भावाकडं ट्रॅक्टर आणि मोटरसायकल. मोटरसायकलवर न्यायची तर तिला मधे बांधावी लागली असती. भाड्याची गाडी करू म्हटलं, तर फोनवर म्हणाली, “परक्या डायवरच्या गाडीत मी बसत नसते. वाटंत मेले तर त्यो मला कुठं उतरवून जाईल?” मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे. एक साल न्हाई आलं तर काय हुतंय.” आईनं ‘काय होतंय’ म्हटलं की समजायचं, लई काही होतंय.

त्यातच मुलाचा पुण्याहून फोन. “आई, गाडी उभी राहून सडतेय. विकून टाकू. माझ्या ओळखीचा एक जण आहे, दिवाळीत त्याला घेऊनच येतो.”

मी म्हटलं, “विकायची नाही. मी शिकते.”

मग तो हसला. तो हसला ना, तिथंच माझं लायसन पक्कं झालं. बाकी फक्त कागदपत्रं राहिली होती. शेवटी माय-लेकात ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत मी परीक्षा पास झाले तर गाडी राहील, नाही तर पाडव्याला त्याचा माणूस किल्ली घेऊन जाईल. हे मधे उभे राहून ऐकत होते. त्यांच्या गाडीचा निकाल लागत होता आणि त्यांना कुणी विचारलंच नाही. ते फडकं घेऊन बाहेर गेले.

कच्चं लायसन सोपं निघालं. कॉम्प्युटरवर प्रश्न यायचे, बोट लावून उत्तर द्यायचं. एक प्रश्न होता, मागून ॲम्ब्युलन्स आली तर तुम्ही काय कराल? मी चारही पर्याय वाचले आणि मनाशी म्हटलं, खरं उत्तर इथं नाहीच. ॲम्ब्युलन्स दिसली की मी हात जोडते. आत कोण असेल त्याचं भलं कर म्हणून. देऊळ दिसलं की जोडते, दर्गा दिसला की बोटं कपाळाला लावते, तिरडी दिसली तर जोडतेच. आमच्या या शहरात, तेव्हा त्याच्या पाटीवर दुसरं नाव होतं, खड्डे मात्र हेच, घरापासून गुलमंडीपर्यंत रिक्षात बसलं तर हात खाली यायला सवडच मिळत नाही. माझे हात आपले आपण उठतात. पापणी लवते तसे. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही. ‘बाजूला होऊन वाट देईन’वर बोट लावलं, पास झाले आणि पेढे आणले.

शिकवायला एक भाईजान होते. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं स्वतःचं, गाडी एक, दाढी पांढरी, बोलणं दखनी. ते मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. पहिल्या दिवशी मी मोठ्या रुबाबात बसले, किल्ली फिरवली आणि दोन्ही पाय एकदम कामाला लावले. झालं असं की तीस वर्षं मी पायमशीनवर ब्लाउज शिवले होते. माझ्या पायांना एकच ठाऊक, दोघांनी मिळून खालीवर, खालीवर. क्लच आणि ॲक्सिलरेटर मी एकाच तालात दाबत होते, आणि गाडी ताप भरलेल्या माणसासारखी थडथडत होती.

“खाला,” भाईजान म्हणाले, “दोनों पाव कायको नचा रे? ये गाडी है, सिलाई मशीन नक्को समझो.”

“मशीन असती तर आत्तापर्यंत एक बाही झाली असती,” मी म्हटलं.

दुसरी खोड नजरेची. शिवणाऱ्या बाईची नजर सुईवर. मी गाडीतही सुई शोधत होते, म्हणजे बॉनेटच्या टोकाकडं बघत होते. “दूर देखो, खाला, दूर!” भाईजान दिवसातून पन्नासदा ओरडायचे. मला दूर फक्त चष्म्यातूनच दिसायचं आणि चष्मा मी तोऱ्यात घरी ठेवून यायचे. गाडी चालवताना बाई कशी दिसावी, याबद्दल माझ्या काही कल्पना होत्या. तिसऱ्या दिवशी त्या कल्पनांपायी एक कोंबडी मरता मरता वाचली. चौथ्या दिवसापासून चष्मा.

दहा दिवसांत मी बरी चालवायला लागले. बरी काय, झकास. घरी येऊन यांना सांगायचे, “माझा हात गाडीवर बसलाय.” अकराव्या दिवशी भाईजानांनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घालून बसले. गाडी चौकात सात वेळा बंद पडली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक होता, आणि दहा दिवस गाडी तेच चालवत होते. मी फक्त हॉर्न वाजवत होते.

मग हे मैदानात उतरले. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं अंगणातल्या बंद गाडीत जाऊन बसायचो. ते डावीकडं, मी उजवीकडं. इंजिन बंद, मी नुसती क्लच दाबून गिअर टाकायचा सराव करायचे आणि ते डोळे मिटून आवाज ऐकायचे. “अंहं. दुसरा पूर्ण बसला नाही.” त्यांना कडेचं दिसत नव्हतं, पण गिअरचा आवाज त्यांच्याइतका बारीक कुणी ऐकला नसेल. आता आमची डावी-उजवी बदलली होती आणि गंमत म्हणजे ते मला एकदाही “अगं, हळू” म्हणाले नाहीत. शेजारीण भिंतीवरून विचारायची, “कुठं निघालात दोघं?”

“तिसऱ्या गिअरपर्यंत,” हे सांगायचे.

परीक्षेची तारीख मी मुद्दाम गुरुवारची घेतली. भाईजान म्हणाले होते की परीक्षेच्या मैदानाच्या कोपऱ्यावर उंबराच्या झाडाखाली दत्ताचं देऊळ आहे. मी म्हटलं, त्याचाच वार धरू, म्हणजे घरचाच माणूस असल्यासारखं होईल. याला म्हणतात स्वतःच्या हातानं धोंडा निवडून, धुऊन, पुसून पायावर मारणं.

परीक्षा भाईजानांच्या गाडीतून होती. शेजारी साहेब बसले. माझ्या मुलापेक्षाही लहान, कपाळावर आठी, हातात यादी. “काकू, आठचा आकडा काढा,” म्हणाले. मैदानात आखलेल्या आठवरून गाडी न्यायची, रेषेला शिवायचं नाही. मला हसू आलं. जन्मभर खडूनं गळे आणि मुंढे आखून कापले होते. आठ म्हणजे काय, एकाला एक लागून दोन गळे. मी असा आठ काढला की साहेबांची आठी गेली. चढावर थांबवली, मागं न घसरता पुढं नेली. “छान,” साहेब म्हणाले. “आता मैदानाला एक फेरी, की झालं.”

ते ‘झालं’ माझ्या डोक्यात गेलं. आईला फोन करून काय सांगायचं, मुलाला कसं तंगवायचं, सगळं मी त्या फेरीत जुळवत होते. कोपरा आला. तिथून देवळाकडं पायवाट जाते आणि मैदानाची गाडी उजवीकडं वळते. नेमकी तेव्हाच दुपारच्या आरतीची घंटा झाली. उंबराखाली तो उभा. तीन तोंडं, सहा डोळे, आणि सहाही माझ्याकडं.

हात उठले.

मी उठवले नाहीत. ते उठले. डोळे मिटले आणि मनात म्हटलं, ‘सांभाळ रे महाराजा.’ गाडी वळली नाही. कशी वळेल, वळवणारी नमस्कारात होती. पायवाटेवर धडधड झाली, कुणीतरी ओरडलं आणि माझं कपाळ पुढं जाऊन मागं आलं. साहेबांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला होता.

डोळे उघडले तर गाडीपुढं दोन हातांवर एक बाई, कडेवर लेकरू, हातात प्रसादाची वाटी. ती हलली नव्हती. हलायला वेळच मिळाला नव्हता तिला.

“काकू,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “आत्ता गाडी कोण चालवत होतं?”

मी जोडलेले हात परत स्टिअरिंगवर ठेवले.

“पाया पडायचं असेल तर गाडी थांबवून, उतरून पडा. चालत्या गाडीत पडलात तर लोक तेराव्याला तुमच्या फोटोच्या पाया पडतील.” त्यांनी यादीवर रेघ मारली. “नापास. सात दिवसांनंतर परत या.”

त्या बाईनं खिडकीशी येऊन मलाच विचारलं, “लागलं का हो काही?” आणि वाटीतला प्रसाद माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला नाही. मुठीत धरून घरी आणला. वाटभर एकच डोक्यात होतं. शिवण चुकली तर उसवता येते. आजवर जे जे चुकलं ते मी उसवलंय, परत शिवलंय, गिऱ्हाइकाला कळूही दिलं नाही. इथं उसवायची सोय नव्हती.

घरी यांना सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाईजानच्या गाडीला काही लागलं नाही ना?” मी तांब्या आपटला. मग म्हणाले, “लेकराला लागलं नाही. तुला लागलं नाही. मग परत जायचं.”

“नाही जायचं. विकून टाका गाडी.”

“विकू,” ते म्हणाले. “पण मग पाचोडला फोन तू कर. मी नाही करणार.”

दोन दिवस मी फोनकडं बघत बसले. नंबर फिरवला नाही. तिसऱ्या दिवशी भाईजानांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी इलाज काढला. गाडी मैदानात न्यायचीच नाही, देवळांच्या रस्त्यानं न्यायची. शहरात त्याला तोटा नव्हता. ते मांडीवर वर्तमानपत्राची सुरळी घेऊन बसले. माझे हात स्टिअरिंगवरून उचलले गेले की सुरळी मनगटावर. पहिल्या दिवशी अकरा फटके. “खाला, हाथ को बोलो, अभी ड्यूटी पे है.” दुसऱ्या दिवशी सात. एकदा मशिदीची कमान आली, तिथं त्यांचाच हात छातीशी गेला, तर मी सुरळी ओढून घेऊन त्यांच्या मनगटावर मारली. “मैं तो बाजू में बैठा हूं,” ते कळवळून म्हणाले. तिसऱ्या दिवशी तीन. पण त्या तीनचीच मला भीती. परीक्षेत एकच पुरतो.

दुसरी तारीख मंगळवारची मिळाली, वसुबारसेच्या आदल्या दिवशीची. मुलाचा माणूस ठरलेला होताच. सोमवारी संध्याकाळी मी यांना घेऊन रिक्षानं त्या देवळात गेले. चपला काढल्या, नीट समोर उभी राहिले आणि दत्ताला सांगितलं, “हे बघ, उद्या मी इथून जाणार आहे. ओळख दाखवणार नाही. बघितलं न बघितल्यासारखं करून जाणार. राग मानायचा नाही. उद्याचे नमस्कार आजच घेऊन टाक.” आणि एकामागून एक अकरा नमस्कार केले. हे मागं उभे राहून मोजत होते. म्हणाले, “एक जास्तीचा कर. दुसरी फेरी मारायला लावली तर?” म्हणून बारा.

मंगळवारी शेजारी तेच साहेब. मला बघून त्यांनी आधी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून पाहिला. आठ काढला, चढ झाला, उलट्या गाडीनं वळण घेतलं. मग फेरी. कोपरा जवळ आला तशी माझी दहाही बोटं स्टिअरिंगला अशी चिकटली की नखं पांढरी पडली. उंबर दिसला. उजव्या हाताचं मनगट उठू बघत होतं. मी दात खाल्ले, नजर लांब टाकली, वळणाच्याही पलीकडं, आणि गाडी वळवली. देऊळ डाव्या खिडकीतून मागं सरकलं. असं वाटलं, भर बाजारात सख्ख्या मामाला टाळून पुढं गेले.

“गेला दत्त मागं,” साहेब म्हणाले. “आता श्वास सोडा, काकू.”

पास झाले. खाली उतरले तर पाय अजून खालीवर होत होते, दोन्ही एका तालात, मशीनवर असल्यासारखे.

कार्ड पोस्टानं येणार होतं. त्याआधी पाडवा आला आणि मुलाबरोबर त्याचा तो माणूसही आला. यांनी त्याला बसवलं, चकली-अनारसे पुढं ठेवले, दुसरा चहा पाजला आणि म्हणाले, “माफ करा, गाडी विकायची नाही. आम्हाला ड्रायव्हर मिळालाय.” तो बिचारा इकडंतिकडं बघत म्हणाला, “आजकाल भरवशाचा माणूस मिळणं कठीण.” हे म्हणाले, “भरवशाचं माहीत नाही. पण घरचाच आहे.”

भाऊबीजेनंतर पोस्टमन कार्ड घेऊन आला. फोटोत मी नुकतीच पकडलेल्या चोरासारखी दिसते, पण दिसते. दुसऱ्याच दिवशी सकाळी निघालो. आईला काही सांगितलं नव्हतं, फक्त “आणायला येतोय” एवढंच. माणसं ज्या रस्त्याला तासभर घेतात त्याला मी अडीच तास घेतले. मागून ट्रक, टमटम, एक उसाचा ट्रॅक्टर, सगळे आम्हाला ओलांडून गेले. ट्रॅक्टर ओलांडून गेला तेव्हा हे जरा खिडकीकडं तोंड करून बसले.

आई ओट्यावर पिशवी घेऊन तयारच होती. गाडी अंगणात थांबली, हे डावीकडून उतरले, मी उजवीकडून. तिनं गाडीत वाकून बघितलं, मागं बघितलं, रस्त्याकडं बघितलं.

“डायवर कुठं ऱ्हायला?”

“हा काय,” मी छातीवर हात ठेवला.

“तू?”

“व्हय.”

आईनं पिशवी उचलली आणि घरात गेली. “मी फुडच्या साली येते,” आतून आवाज आला.

भाऊ हसून हसून खाली बसला. मी आत गेले, पदराच्या गाठीतून कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं फोटोवरून अंगठा फिरवला. “ह्यो तुजा फोटू? लई वंगाळ काढलाय.” मग, “पक्कं हाय का?”

“पक्कं आहे.”

“म्हंजी आता ह्ये कुणी माघारी घेत न्हाई?”

“नीट चालवली तर नाही.”

तिनं कार्ड माझ्या हातात दिलं. मग आमच्या ह्यांनी दारात उभं राहून, सांगायची काही गरज नसताना, दत्ताची सगळी गोष्ट सांगितली. ओरडणाऱ्या माणसासकट, वाटीसकट, बारा नमस्कारांसकट. मला वाटलं, संपलं. आता ही पुढच्या सालीच काय, कधीच यायची नाही. आई एकटक माझ्याकडं बघत होती. मग उठली. मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या, गाडीवरून उतरवल्या, माझ्यावरून दोनदा उतरवल्या आणि यांना म्हणाली, “जावईबापू, तुमी मागं बसा. मला फुडं बसू द्या. मागं मळमळतं.”

निघालो. पाचोडच्या बाहेर मोसंबीच्या बागा लागल्या. आई पट्टा गळ्यात अडकल्यासारखी ताठ बसली होती, दोन्ही हात पिशवीवर. रस्त्याकडं अशी बघत होती की जणू तीच गाडी ओढतेय. ओकली नाही. घाबरलं तर ओकायचंही विसरतं माणूस. मी तिसऱ्या गिअरमध्ये, लांब बघत, डावीकडं एकही शब्द न टाकता चालवत होते.

आडूळच्या अलीकडं रस्त्याकडेला देऊळ आलं. लांबूनच मला कळस दिसला आणि बोटांना मुंग्या आल्या. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. आईनं पिशवीवरचे हात उचलले, जोडले, कपाळाला लावले आणि खाली ठेवले. गाडी अजून देवळासमोरून जातच होती तोवर तिनं परत उचलले, परत जोडले, परत कपाळाला लावले.

मागच्या सीटवरून हे म्हणाले, “आई, दोनदा का?”

तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. समोर रस्त्यावर नजर ठेवून म्हणाली,

“एकदा माजं, एकदा हिचं. तू फुडं बघ गं.”